भीमरावांची कोरडी पेटी

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात कापडाच्या दोन दुकानांमध्ये एक चिंचोळा गाळा होता. आत एक माणूस बसला की गिऱ्हाइकानं बाहेरच उभं राहायचं. तिथे भीमराव शिरसाट कॅमेरे दुरुस्त करायचे. राहायला विठ्ठलवाडीला, एस.टी. डेपोमागच्या चाळीत. बायको भागीरथी अंबरनाथला औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. सकाळी दोघं बरोबर निघत आणि कोपऱ्यावर दोन दिशांना वळत.

काम ते टेकचंदशेठकडे शिकले. टेकचंद फाळणीनंतर कॅम्पात आलेला सिंधी फोटोग्राफर. त्याच्या डार्करूममध्ये भीमराव तरुणपणी कामाला लागले आणि फोटो काढण्यापेक्षा कॅमेरा उघडून बघण्यात त्यांचा जीव जास्त रमतो हे शेठनंच ओळखलं. पुढे हा गाळाही त्यानंच मिळवून दिला.

पावसाळा म्हणजे भीमरावांचा हंगाम. सहलीत भिजलेले कॅमेरे, विसर्जनाला उल्हास नदीत पडलेले, छपरातून गळलेल्या पाण्यानं कपाटातच ओले झालेले. पाणी कोणत्या फटीतून शिरतं, कुठे दडून बसतं आणि आधी काय खातं, हे त्यांना तोंडपाठ झालं होतं. गोड्या पाण्यातला कॅमेरा ते कधीकधी वाचवत. समुद्रात पडलेला असला की मालकाला हळूच सांगत, "आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवा."

शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर एक दणकट, काळाभोर माणूस गोणपाटात काहीतरी गुंडाळून गाळ्यासमोर उभा राहिला. बाळाजी मोकल, उरणकडचा. आधी गोदीत पाणबुड्या होता, आता स्वतःची कंत्राटं घ्यायचा. गोणपाटातून त्यानं जाड काचेसारख्या ॲक्रेलिकची एक पेटी काढली. मागे ॲल्युमिनियमचं झाकण, बाजूला बटणं. परदेशी जहाजावरून मोडीत निघालेली.

"ही कॅमेऱ्याची आहे," तो म्हणाला. "कॅमेरा आत ठेवायचा आणि पेटीसकट पाण्यात उतरायचं. पण गळते."

"तुम्हाला पाण्यात फोटो कशाला काढायचेत?"

"माझं काम खालचं. पुलाचे पाये, धक्क्याचे खांब. वर येऊन सांगतो, तडा आहे. साहेब विचारतात, केवढा? मी हातानं दाखवतो, एवढा. आता हातानं दाखवलेल्या तड्यावर सही कोण करणार?"

भीमराव हसले. "मी पाण्यातून निघालेले कॅमेरे बघतो. पाण्यात जाणारा कधी बघितला नाही."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो," बाळाजी म्हणाला.

पेटी त्यांनी ठेवून घेतली. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये एका खाचेत रबरी रिंग बसवलेली होती. पाणी अडवायचं सगळं काम तिचं. ती वाळून कडक झाली होती, वाकवली की भेगा दिसत. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचं रबरी सामान बनवणारा एक कारखाना होता. तिथून भीमरावांनी त्याच मापाच्या नव्या रिंगा करून आणल्या. आता आत ठेवायला कॅमेरा हवा होता. पेटीच्या मापाचा एकच कॅमेरा त्यांच्या माहितीत होता आणि तो टेकचंदशेठचा होता. कॅम्पात आल्यावर शेठनं घेतलेला पहिला कॅमेरा. त्याच्यावर त्यानं ओळखपत्रांचे फोटो काढले, मग लग्नांचे, मग स्टुडिओ उभा केला. आता तो मखमलीच्या पिशवीत ठेवलेला असायचा.

शेठनं पेटी उलटसुलट करून पाहिली. "घेऊन जा, भीमा. पडून राहून त्याला फंगसच लागणार आहे."

बदलापूरच्या वाटेवर एका बंद पडलेल्या खाणीत पाणी साठलं होतं. तिथे बाळाजी उतरला. भीमराव काठावर दगडावर बसून राहिले. थोड्या वेळानं बाळाजीचं डोकं वर आलं. त्यानं पेटी उंच धरली तेव्हा तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी होतं आणि शेठचा कॅमेरा त्या पाण्यात आडवा पडला होता.

भीमरावांनी तिथेच पेटी उघडली. रिंगेवर एक पिवळा धागा आडवा पडलेला होता, केसाहून जरासा जाड. निघण्याआधी त्यांनी खाच ज्या फडक्यानं पुसली होती, त्या फडक्याचा. धाग्याच्या दोन्ही बाजूंना रबर किंचित उचललं गेलं होतं आणि तेवढी वाट पाण्याला पुरली होती.

रात्रीपर्यंत त्यांनी कॅमेरा खोलला, स्वच्छ पाण्यानं धुतला, स्पिरिटनं पुसला, पंख्याखाली सुटा करून ठेवला. शटरचा कापडी पडदा आखडून गेला होता. त्याला इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी मखमलीची पिशवी घेऊन ते स्टुडिओत गेले आणि जे झालं ते शेठला सांगितलं.

टेकचंदनं कॅमेरा हातात घेतला, कानाशी नेऊन शटर दाबलं. आवाज आला नाही.

"पानी घुसा कहाँ से, कळलं का?" त्यानं विचारलं.

"कळलं, शेठ. माझ्या फडक्याचा धागा अडकला होता."

"मग ठीक आहे. कळलं नसतं तर वाईट झालं असतं."

तो एवढंच बोलला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. पण घरी येऊन भीमराव जेवले नाहीत. भागीरथीनं ताट झाकून ठेवलं.

त्यानंतर भीमरावांनी कामाची रीतच बदलली. पेटीजवळ फडकं आणायचं नाही. रिंग धुवायची, वाळवायची आणि डोळे मिटून दोन बोटांतून सावकाश फिरवायची, कारण डोळ्यांना न दिसणारी चीर बोटाला लागते. ग्रीस लावायचं ते रबराला नुसती चकाकी येण्यापुरतं. आधी त्यांना वाटायचं, ग्रीस जास्त म्हणजे बंदोबस्त जास्त. पण थापलेल्या ग्रीसला धूळ चिकटते आणि तीच पुढे वाट करून देते. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीनं आवळायचे, म्हणजे रबर सगळीकडे सारखं दबतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॅमेरा सगळ्यात शेवटी. आधी पेटी रिकामी बुडवायची, आत टीपकागद घालून.

चाळीच्या मागे पाण्याचं पिंप होतं. वजनाला दगड बांधलेली पेटी त्यात पडलेली असायची. नळाला पाणी येण्याची मारामार, त्यात पिंपात हा डबा. शेजारीण भागीरथीला विचारायची, "तुमचे मिस्टर त्यात काय शिजवतात?" भागीरथी सांगायची, "काहीच नाही. कोरडं राहतंय का ते बघतात."

पिंपात पेटी कोरडी राहिली. पण खोल पाण्याचा दाब पिंपात कुठून येणार? बाळाजीला येत्या उन्हाळ्यासाठी बारवी धरणाच्या पाण्याखालच्या भिंतीच्या पाहणीचं काम मिळालं होतं. भीमराव सुटीच्या दिवशी बदलापूरहून एस.टी.नं धरणाकडच्या एका पाड्यावर जाऊ लागले. तिथला हरिचंद्र भातशेती करायचा आणि मासेमारीसाठी होडी बाळगून होता. तो त्यांना खोल पाण्यावर न्यायचा, ते दोरीनं पेटी खाली सोडायचे आणि वाट बघत बसायचे. हरिचंद्रला सुरुवातीला हा माणूस थोडा सरकलेला वाटला. जाळं नाही, गळ नाही, रिकामा डबा बुडवतो, वर काढतो आणि आतला कागद उन्हाला धरून बघतो.

खोल पाण्यात कागद एका कोपऱ्यात दमट झाला. पण पाणी आलं कुठून? कागदावर ओल पसरली की उगम सापडत नाही. तेव्हा भीमरावांनी प्रत्येक सांध्याच्या खाली कागदावर कॉपिंग पेन्सिलीचे ठिपके काढले. पाणी लागलं की ही पेन्सिल जांभळी होऊन पसरते. पुढच्या खेपेला सगळे ठिपके जसेच्या तसे होते, फक्त शटरच्या बटणाखालचा पसरला होता. बटणाची दांडी जिथून आत जात होती, तिथून थेंब थेंब पाणी येत होतं. अंबरनाथच्या ओळखीच्या, लेथवर काम करणाऱ्या टर्नरकडून त्यांनी दांडीला दुसरी खाच पाडून घेतली आणि एकीच्या मागे दुसरी रिंग बसवली. कागद कोरडा निघाला.

मग आतून काच धुरकट व्हायला लागली. पाणी येत नव्हतं, पण काचेवर वाफ धरायची. ते गाऱ्हाणं भीमरावांनी जेवताना बायकोला सांगितलं.

"दुपारच्या हवेत झाकण लावता ना तुम्ही, तिथे काठावर?" भागीरथी म्हणाली. "ती दमट हवा आतच राहते. आमच्याकडे गोळ्यांच्या बाटलीत सुक्या खड्यांची पुडी टाकतात, ओल शोषायला. तशी टाका की."

त्यांनी तशी पुडी टाकली आणि झाकण घरून, पहाटेच्या गारव्यात लावून नेलं. काच स्वच्छ राहिली.

हरिचंद्रची आई ठमाबाई हे सगळं काठावरून बघायची. तिचं जुनं घर त्याच पाण्याखाली होतं. धरण झालं तेव्हा पाड्यावरच्या लोकांनी वासे, कौलं, दारं काढून वर आणली. जोती मात्र तिथेच राहिली. एके दिवशी होडी काठाला लागल्यावर तिनं विचारलं, "दादा, ह्या डब्यातून खालचा दिसंल का रं?"

"काय बघायचंय, आजी?"

"माजा घर."

भीमरावांनी बाळाजीला विचारलं. बाळाजी म्हणाला, "तसाही एकदा कॅमेरा घालून उतरायचंच आहे. तडा काय आणि जोतं काय."

टेकचंदशेठनं या वेळी न मागता त्याच मापाचा दुसरा कॅमेरा कुठूनतरी मिळवून पाठवला. मे महिन्यात पाणी उतरलेलं असताना एका सकाळी हरिचंद्रनं डोंगराची सोंड आणि काठावरचा आंबा यांचा मेळ घालून जुन्या घराच्या अंदाजानं होडी थांबवली. बाळाजी उतरला. भीमराव दोरी धरून बसले होते आणि त्यांची नजर पाण्यावर येणाऱ्या बुडबुड्यांवरून हलत नव्हती. पेटी वर आली तेव्हा त्यांनी ती लगेच उघडली नाही. आधी वरचं पाणी पूर्ण निथळू दिलं, हात कोरडे केले, मग स्क्रू सोडले. आत टीपकागद होता. त्यांनी तो गालाला लावून पाहिला आणि हरिचंद्रच्या हातात दिला. कागद खडखडीत कोरडा होता.

धरणाच्या भिंतीचे फोटो त्यानंतर निघाले, चांगले निघाले. पुढे नव्वदच्या दशकात भीमरावांनी स्वतः अशा पेट्या बनवल्या. गोव्याकडून, रत्नागिरीकडून माणसं पत्ता विचारत कॅम्पात यायची. नजर अधू झाल्यावरही रिंग तपासायला त्यांना डोळ्यांची गरज पडली नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळचा रोल शेठच्या डार्करूममध्ये धुतला. पाणी गढूळ होतं, बहुतेक फोटोंत नुसता धूसर करडेपणा. दोनच बरे निघाले. त्यातल्या एकात दगडी जोतं आणि त्याची पायरी ओळखू येत होती. ते मोठे करून भीमराव पाड्यावर घेऊन गेले. ठमाबाईनं पायरीचा फोटो उजेडात धरला आणि पायरीवर बोट फिरवलं.

"ह्या माजा घर नाय," ती म्हणाली. "कोपरा तुटलाय बघ. ह्यी जनाबाईची पायरी. तिच्या घोवानं गाडी मागं घेताना तोडलेली. आमचा घर हिच्या पल्याड."

भीमराव ओशाळले. "बाळाजीला पुन्हा उतरवू, आजी. पाणी वाढायच्या आत."

"नको. माजा मना दिसतंय. ह्यो तिला देऊ, चल."

जनाबाई बदलापूरला लेकाकडे राहायची. स्टेशनजवळच्या खोलीत खाटेवर पडून असायची, पाय गेले होते. ठमाबाई तिच्या उशाशी बसली आणि तिनं फोटो तिच्या हातात दिला. जनाबाईला नीट दिसत नव्हतं. तिनं तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

"दार लावलेलं हाय का?" तिनं विचारलं.

भीमराव वाकून बघू लागले, जणू आपण आजवर ते नीट पाहिलंच नव्हतं. "दार दिसत नाही, आजी. पायरी आहे."

"पायरी हाय ना," जनाबाई म्हणाली. तिनं फोटो छातीवर पालथा ठेवला आणि सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. मग दोघी म्हाताऱ्या त्या तुटक्या कोपऱ्यावरून, गाडीवरून आणि त्या गाडीच्या बैलांवरून बोलत बसल्या. भीमराव चहा पिऊन झाल्यावरही बराच वेळ तिथे ऐकत बसले होते.