मामांचा दुपट्टा

दुनियेत रिकामी जागा म्हणून काही नसतंच, कुणाचा तरी दुपट्टा पडायची वाट पाहणारी जागा तेवढी असते, असं ठामपणे मानणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझे सोनाळ्याचे मामा. एसटी वळणावर दिसली की मामा पळायला लागत आणि ती थांबायच्या आत त्यांचा खांद्यावरचा दुपट्टा खिडकीतून सीटवर जाऊन पडे. लग्नाची पंगत असो, कीर्तन असो, खामगावचा दवाखाना असो, मामांच्या आधी दुपट्टा बसलेला असायचा. तो उचलायची हिंमत आमच्या भागात कुणी केली नाही. 'दुपट्टा म्हंजे मानूसच असते बे,' असं ते म्हणत.

महाराष्ट्र नवीनच झाला होता. आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. मी. निकालाच्या आनंदात मामांनी मला सुटीसाठी दिल्लीला, त्यांच्या लेकीकडे नेलं. तिथे वडिलांची तार आली : सोमवारी अकराच्या आत बुलढाण्याच्या कचेरीत हजर हो, नाहीतर नोकरी यादीतल्या पुढच्या नावाला जाईल. दिल्लीहून आगगाडीने वेळेत पोचणं शक्य नव्हतं. जावयांनी खटपट करून रविवारच्या विमानाची नागपूरपर्यंत तिकिटं काढली. दोन काढावी लागली, कारण 'पोराले एकट्याले वरतून कसं धाडू?' असं मामांचं म्हणणं पडलं.

विमानाला शिडी लागली मात्र, मामा धोतर सावरत पळाले. मी चढेपर्यंत पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर दुपट्टा पसरून ते पहारा देत उभे होते. सुटातले एक साहेब आपल्या कार्डावरचा नंबर दाखवत होते. मामा शांतपणे म्हणाले, 'कारड तो सबके पास है, साहेब. दुपट्टा किसका है?' सगळं विमान हसलं. मी बी. ए. झालेला माणूस, ओळखदेख नसल्यासारखा मान खाली घालून मागे आमच्या नंबरावर जाऊन बसलो. शेवटी हवाईसुंदरीनेच त्यांना हात धरून माझ्याजवळ आणलं. 'मांग बसवलं बे,' मामा पुटपुटले, 'आता धचके लागतीन.' धचके काही लागले नाहीत. तिने लिमलेटच्या गोळ्यांचं तबक पुढे केलं तेव्हा मामांनी तिचं गाव विचारलं, मायबापांची खुशाली विचारली, एक गोळी तोंडात टाकली आणि मूठभर गोळ्या घरच्या लेकरांसाठी दुपट्ट्याच्या टोकाला बांधल्या. मी नागपूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिलो.

नागपूरहून आगगाडीने सोमवारी सकाळी मलकापूरला उतरलो. बुलढाण्याच्या एसटीला माणसं लोंबकळत होती आणि पुढची गाडी थेट दुपारची. त्या दाराशी माझी पदवी काही कामाची नव्हती. लोकांची कोपरं खात मी मागे मागे सरकत गेलो. कंडक्टर म्हणाला, 'जागा नाई, खाली व्हा.' तेवढ्यात गाडीच्या पलीकडून मामांचा आवाज आला, 'काऊन नाई? तिसऱ्या खिडकीत दुपट्टा पाहा. माह्या भाच्याचा हाय.' कंडक्टर वऱ्हाडातलाच. त्याने दुपट्टा पाहिला आणि मला आत ओढून घेतलं.

'मामाजी, अन् तुम्ही?'

'एकाचीच धरता आली. तू हजर हो. मी पेटी घेऊन मांगून येतो.'

पावणेअकराला मी हजेरीवर सही केली तेव्हा खांद्यावर तो दुपट्टा होता, टोकाला गोळ्या तशाच बांधलेल्या. दुपारच्या गाडीने मामा आले. घाट ते गाडीत उभ्यानेच चढले होते. नोकरीचं त्यांनी विचारलंच नाही. 'बसाले भेटलं ना नीट?' एवढंच विचारलं. विमानातल्या माझ्या वागण्याबद्दल मी कधी बोललो नाही, आणि मामांनी कधी बोलून दाखवलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मामा माझ्याकडे बुलढाण्याला राहून परत निघाले. गुडघे गेले होते, काठी आली होती. गाडी लागताना दिसली तसा मी त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा घेतला आणि चार लोकांदेखत पळत जाऊन खिडकीतून आत टाकला. मामा सावकाश चढले. आत नजर फिरवून म्हणाले, 'काऊन पळला बे? गाडीत कोनीच नाई.'

मग सगळी रिकामी बाकं ओलांडून ते माझ्या दुपट्ट्यापर्यंत गेले आणि तिथेच बसले. त्यानंतर मामांचं बुलढाण्याला येणं झालं नाही.