दहा मिनिटांत येणारे भावजी

ये गं, अशी जवळ सरक. पुस्तक हातात धरलंस म्हणून चार हात लांब बसायला हवं असं कोणी सांगितलंय? आणि आधीच बजावते, 'मग सापडले का शेवटी?' हे मला विचारायचं नाही. तुम्हा सगळ्यांची ही एक खोडच आहे, गोष्ट सुरू व्हायच्या आत शेवट हवा. आम्ही एकोणीस वर्षं थांबलोय, तुला पंधरा मिनिटं निघत नाहीत? नाही सापडले. झालं समाधान? आता नीट ऐक.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. गिरगावातली आमची चाळ, दुसरा मजला, दोन खोल्या, आणि त्यात सासूबाई, आमचे हे, मी, भावजी आणि माझी धाकटी जाऊ. मूलबाळ दोघींनाही नाही, म्हणून पाचच. भावजी एका ऑफिसात क्लार्क होते. स्वभावाने इतके गरीब, की पाठीवर टॉवेल वाळत घातला असता तर तो वाळेपर्यंत हलले नसते. असा माणूस घरात असला की फार सोय होते. त्याला कोणी काही विचारत नाही, तो काही मागत नाही. आम्ही मोठ्या अभिमानाने सांगायचो, आमच्या घरात कशी शांतता आहे.

एका रविवारी सकाळी मिक्सरच्या छोट्या भांड्यात खोबरं वाटलं जाईना. नुसतं गरगर फिरायचं. जाऊ म्हणाली पात्याची धार गेली, सासूबाई म्हणाल्या पूर्वी पाट्यावर वाटायचो तेव्हा धार जात नव्हती, मी म्हणाले आता इडल्या काय कोरड्या खायच्या. भावजी पेपर वाचत होते. त्यांनी पेपराची घडी घातली, भांडं पिशवीत टाकलं, "दहा मिनिटांत येतो" म्हणाले आणि जिना उतरले. मी गॅलरीतून ओरडले, येताना कोथिंबीर आणा. मी त्यांच्याशी शेवटचं जे बोलले ते हे. आपलं शेवटचं वाक्य कोणतं हे आधी कळवायची पद्धत नाही, नाहीतर निदान चहा घेऊन जा म्हटलं असतं.

दुपारचे तीन वाजले तरी आम्ही शांतच. सासूबाईंना काळजी होती ती चटणीची. चारला हे धार लावणाऱ्याच्या दुकानापर्यंत जाऊन आले, तर दुकानाला कुलूप. ते दुकान रविवारी बंद असतं. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. मग भावजींना माहीत होतं की नव्हतं? या एका प्रश्नावर आमच्या घरात एकोणीस वर्षं वाद चालला. सासूबाईंच्या मते त्याला बिचाऱ्याला काय माहीत, तो दुसरं दुकान शोधत पुढे गेला आणि त्याचं काहीतरी बरंवाईट झालं. यांच्या मते त्याला पक्कं माहीत होतं. म्हणजे तो ठरवून गेला. जाऊ काहीच म्हणायची नाही. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ दोघेही आपापल्या बाजूने लावायचे.

संध्याकाळी पोलीस चौकीत गेलो. हवालदार वयस्कर होते, बिचारे नीट विचारत होते. उंची किती? यांनी आपल्या कानाजवळ हात धरून दाखवला. अंगात काय होतं? मी म्हणाले पांढरा सदरा, जाऊ म्हणाली निळ्या रेघांचा, हे म्हणाले माझं लक्ष नव्हतं. अंगावर काही खूण, तीळ, व्रण? आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. एवढ्याशा खोलीत एकमेकांच्या पायात पाय अडकत राहणारी माणसं आम्ही. मग त्यांनी विचारलं, बरोबर काय होतं. तिथे मात्र आमची वाचा फुटली. स्टीलचं भांडं, चटणीचं, जाऊच्या मामाने लग्नात आहेर दिलेल्या मिक्सरचं, वरच्या काठाला मामाचं नाव घातलेलं, नावातला काना थोडा वाकडा, झाकणाचं रबर सैल, तळाशी पोचा. हवालदार भराभर लिहीत होते. चार ओळी झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "हरवलंय नक्की कोण?"

त्यांना टोचून बोलायचं नव्हतं. त्यांना खरंच कळेना. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, आमच्या घराबद्दल इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मग फोटो. भावजींचा एकट्याचा फोटोच निघेना. गणपतीच्या फोटोत ते आरतीचं ताट धरून कोपऱ्यात अर्धे, बारशाच्या फोटोत कोणाच्या तरी डोक्यामागे. कारण सगळ्यांचे फोटो काढायचे कोण? तेच. शेवटी लग्नातला दिला, शेजारून जाऊला कापून. त्यामुळे सगळ्या मुंबईच्या पोलिसांकडे मुंडावळ्या बांधलेल्या माणसाचा फोटो गेला. पेपरातही तोच छापला. खाली मजकूर सासूबाईंचा: 'जिथे असशील तिथून ये. कोणी रागावणार नाही. भांडं नसलं तरी चालेल.' शेवटचं वाक्य काढा म्हणून हे विनवत होते. सासूबाई म्हणाल्या, तो त्यालाच घाबरत असेल. ठेवलं.

त्यानंतर भावजी जितके लोकांना दिसले तितके घरात असताना आम्हालाही दिसले नव्हते. वडाळ्याला बसच्या रांगेत दिसले, शीव कोळीवाड्यात मासे घेताना दिसले. ते मासे खात नव्हते, पण बघणाऱ्याला त्याचं काय. नात्यातल्या एका बाईंना तर दर चार महिन्यांनी दिसायचे, आणि नेमके आमच्याकडे जेवायला यायच्या आदल्या दिवशी. आम्ही प्रत्येक ठिकाणी गेलो. माझगावला गोदीजवळ पाठमोरा एक माणूस अगदी हुबेहूब. जाऊ धावत गेली, त्याने वळून बघितलं, कोणी भलताच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला चहा पाजला. परत येताना जाऊ म्हणाली, भला माणूस होता, पण यांच्यासारखी मान कुठे होती. तेव्हा मला कळलं, की मान कशी होती हे घरात एकीला तरी माहीत होतं.

खरा घोळ घातला तो बायकांनी. हळदीकुंकवाला जाऊला बोलवायचं की नाही? सवाशीण म्हणावं तर नवरा नाही, नाही म्हणावं तर पुरावा नाही. आमच्या चाळीतल्या बायका शिकलेल्या, त्यामुळे अपमान करायचा तोही समजूतदारपणे. बोलवायच्या, पण कुंकवाचं बोट तिच्या कपाळाजवळ नेऊन अर्धा क्षण थांबायचं. एकीने तर हळद लावली आणि कुंकवाची कोयरी नुसती पुढे केली, तुमचं तुम्ही लावून घ्या. शेवटच्या खोलीतल्या आजी तेवढ्या वेगळ्या. त्या बोट बुडवून ठसठशीत लावायच्या आणि म्हणायच्या, पुढची कोण गं, रांग अडली.

सासूबाई गेल्या तेव्हा दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. का शिवत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. यांनी हात जोडून सांगितलं, आई, मी धाकट्याला शोधत राहीन. कावळा कठड्यावरून हलला नाही. त्यालाही यांचा स्वभाव ठाऊक असावा. मग जाऊ पुढे झाली. म्हणाली, "मी कुठे जात नाही. ते आले तर दार उघडायला मी आहे." कावळा आला. मी स्वतःला सांगितलं, भूक लागली असेल त्याला. पण जाऊने शब्द दिला तो दिला. त्यानंतर ती माहेरीसुद्धा राहायला गेली नाही. नोकरीवरून सुटली की सरळ घरी.

आणि मग चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या झाल्या, अडली ती आमची खोली, कारण भाड्याची पावती दोघा भावांच्या नावावर. धाकट्याची सही आणा, नाहीतर मृत्यूचा दाखला. वकीलबाईंनी समजावलं, सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला कोर्ट मेलेला धरतं. भटजींनी सांगितलं, शास्त्रात बारा वर्षं, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. सरकारला पाच वर्षांची घाई आहे एवढाच काय तो फरक. आमची दोन्हींची मुदत कधीच उलटून गेली होती. अडून बसली होती फक्त जाऊ.

तिची समजूत घालायला लोक पाळी लावून यायचे. कधी नव्हे ते सगळ्यांना भावजींची आठवण यायला लागली. कमिटीचे अध्यक्ष, पलीकडच्या खोलीतले काका, म्हणाले, आता किती दिवस त्यांच्या आत्म्याला तिष्ठत ठेवणार, त्यांना शांती नको का. काकांना स्वतःला तीन बेडरूम हव्या होत्या, पण ते आत्म्याबद्दल बोलले. जाऊने चहा दिला आणि म्हणाली, काका, ते आले आणि इथे चाळच नसली तर कोणाला विचारतील? काकांनी चहा संपवला आणि गेले.

खरं सांगू, मीही काकांच्याच बाजूची. गॅलरीला टेकू, जिन्याच्या दोन पायऱ्या गेलेल्या, छपराचं पाणी अंथरुणावर. मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती माझ्या ताटात वाढायची आणि मी भिंतीला सांगायची, मीठ कमी आहे.

मग एका सकाळी शेवटच्या खोलीतल्या आजी दूध आणायला उतरताना त्या तुटक्या पायरीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा परदेशी. जाऊ चार दिवस परळच्या हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसली. घराला कुलूप लागू न देणारी बाई, पण चार दिवस घरी फिरकली नाही. पाचव्या दिवशी आली, पाय धुतले आणि मला म्हणाली, "वहिनी, वकीलबाईंना कागद तयार करायला सांगा."

कोर्टात मी मागच्या बाकावर होते. साहेबांनी विचारलं, शोध घेतला का, इतक्या वर्षांत काही खबर? ती म्हणाली, नाही. मग आमच्याच वकीलबाईंनी विचारलं. त्यांना विचारणं भागच होतं म्हणे, कायदा तसाच आहे.

"ते जिवंत असते, तर त्यांनी तुम्हाला कळवलं असतं, असं तुम्हाला वाटतं का?"

बघ कशी मेख आहे. नाही म्हणावं, तर माणूस जिवंत धरता येतो, पण मग तो बायकोला टाकून गेला. हो म्हणावं, तर तो तिचाच राहिला, पण मेला. यांनी बाकाची कड घट्ट धरली. जाऊने पदर सारखा केला.

"हो," ती म्हणाली. "मला कळवल्याशिवाय ते राहिलेच नसते."

साहेबांनी लिहून घेतलं. सासूबाईंच्या माघारी हे एकटेच चालवत असलेला बंद दुकानाचा वाद त्या दिवसापासून संपला. हे घरी येऊन भावाचं नाव असलेली ती जुनी पावती बराच वेळ हातात घेऊन बसले.

दाखला आल्यावर भटजी पळसाच्या पानांची यादी घेऊन आले. जाऊने त्यांना पाट दिला, दक्षिणा दिली आणि सांगितलं, ते सरकारपुरते गेलेत, तेवढं पुरे. मंगळसूत्र तसंच, कुंकू तसंच. बायकांना वाटलं होतं आता एकदाचा निकाल लागला, बोटं थांबायला नकोत. बिचाऱ्यांची पुन्हा पंचाईत.

आता टॉवर होईपर्यंत आम्ही लालबागला भाड्याच्या घरात आहोत, सातव्या मजल्यावर. आजीही आमच्यातच, काठी घेऊन चालतात. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा जाऊ दिसेना. गिरगावातल्या नाक्यावर होती. फुलवाली, इस्त्रीवाला, पानवाला, देवळातले पुजारी, एकेकाला थांबवून आमचा नवा पत्ता सांगत होती. नुसता सांगत नव्हती, त्यांच्याकडून परत म्हणवून घेत होती. मी म्हटलं, अगं, दाखला आलाय ना? ती म्हणाली, "दाखला चाळीसाठी होता, वहिनी."

तेव्हा तुलाही सांगते. नुसतं वाचलं आणि झालं असं करू नकोस, ये एकदा. पत्ता सापडला नाही ही सबब आमच्याकडे चालत नाही. त्या नाक्यावर कोणालाही विचार, पिनकोडसकट सांगतील. बेल वाजली की जाऊच उठते, मला उठू देत नाही. उघडल्यावर तिचा चेहरा अर्धा क्षण पडेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. लगेच आत बोलावते ती, आणि जेवल्याशिवाय सोडत नाही. लवकर ये हो.