दुलईचे चारशे ग्रॅम

माझी थोरली नणंद दवाखान्यात तान्ह्या बाळांची वजनं करते. खोली गारठ्याची, म्हणून बाळाला दवाखान्याच्या दुलईतच काट्यावर ठेवायचं आणि दुलईचे चारशे ग्रॅम वजा करून कार्डावर ठिपका द्यायचा, ही तिथली रीत. एखादी आई कितीही गयावया करो, ताई एक ग्रॅम सोडायच्या नाहीत. "काट्याला नातंगोतं नसतं," म्हणायच्या. बायका मागे त्यांना 'वजाबाकी' म्हणत.

माझी लेक जन्मली आणि काट्याला नातं फुटलं. पोर दूध पिताना दमायची, घामाघूम व्हायची, अंगी काही लागेना. सासूबाई उठता-बसता सुनवायच्या, "हिचं दूधच पाणचट!" मी रडतच दवाखान्यात गेले. ताईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दुलई वजा केलीच नाही. पुढच्या कुठल्याच महिन्यात नाही. कार्डावरची रेघ धोक्याच्या लाल पट्ट्याच्या वर राहिली. डॉक्टर म्हणाले, "वजन छान आहे, काळजी सोडा." सासूबाईंची तोफ थंडावली.

सहाव्या वर्षी पोरीचे ओठ निळे पडू लागले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "हृदयाला जन्मापासून मोठं छिद्र आहे. पहिल्या वर्षात कळतं तर बुजवता आलं असतं. आता फुप्फुसं बिघडलीत, ऑपरेशन झेपणार नाही. तान्ही असताना वजन अडलं नव्हतं?"

मी कार्ड पुढे केलं. सोबत आलेल्या ताईंनी त्यावर हात ठेवला.

"खोटं आहे ते. तुझं रडणं बघवलं नाही गं मला."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. अजूनही बोलते. पण दुलई तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर होती. इतरांची वजा होते हे मला ठाऊक होतं. मी विचारलं नाही, कारण मला तो आकडा हवा होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

ताई आता बाळांना उघडंच काट्यावर ठेवतात. पोरं किंचाळतात, आया शिव्या घालतात.

परवा लेकीला ताईंच्या दवाखान्यात तपासणीला नेलं. काट्यावर चढण्याआधी ती ताईंच्या कानाशी लागली. पण धापेमुळे तिला हळू बोलता येईना, ते मलाही ऐकू आलं.

"आत्या, थोडं जास्त सांग हं. आईला बरं वाटतं."

ताईंनी तिचा स्वेटर काढला, बूट काढले, केसांतली क्लिपसुद्धा काढली.

"चौदा," त्या म्हणाल्या. मागच्या महिन्यात साडेचौदा होतं.