पाहुण्यांपुरता टाय

परभणीतल्या आमच्या केंद्रात गरीब पोरांना नोकरीसाठी तयार करतात. मी त्यांना मुलाखत द्यायला शिकवतो. एरवी वर्गात कधीही न दिसणारा एक पोरगा, केंद्राला अनुदान देणारे पाहुणे आले की पहिल्या रांगेत हमखास असायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, टाय, ताठ मान. हात असा मिळवायचा की पाहुणेच बावरायचे. मग फोटो, टाळ्या, वाढीव अनुदान. पाहुण्यांची गाडी वळली की टाय खिशात घालून स्वारी गंगाखेडच्या एसटीकडे निघायची.

एकदा मी त्याला स्टँडवर गाठलं. "इतका तयार आहेस, मग नोकरी का लागत नाही रे?"

"लागली होती की सर, साखर कारखान्यात. तुमचे साहेबच म्हणले, तू गेल्यावर पाहुण्यास्नी दाखवायचं कुणाला? इथंच पगारावर ठेवून घेतलं. आता बेरोजगार म्हणून कामाला हाय."