पोथीचं फडकं

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत मी विद्यापीठाच्या दुर्मिळ ग्रंथ आणि हस्तलिखित विभागात नोकरीला होतो. गावोगाव फिरून जुन्या पोथ्या मिळवायच्या, साफ करायच्या, नोंदवून कपाटात ठेवायच्या. लोकांच्या घरी पोथ्यांची कशी माती होते यावर मी तासभर बोलू शकत असे. कुणी विचारायचीही गरज नसे.

गोरेगाव नावाच्या एका खेड्यात माझी आत्या एकटीच राहायची. तिचे मालक मोडी वाचायचे. ते गेले आणि त्यांची पोथी फळीवर पडून राहिली. ती द्यावी म्हणून दोन उन्हाळे मी तिच्या मागे लागलो होतो. आत्याला वाचता येत नव्हतं. शेवटी तिनं पोथी माझ्या मांडीवर ठेवली आणि वरून हात फिरवला.

"घरी उंदरं न्हाई सोडायची. तुमच्याकडं बराबर राहील नव्हं?"

"शंभर वर्षं धक्का लागणार नाही आत्या," मी म्हणालो.

विभागात आल्यावर मी एकेक पान झटकलं, कसर काढली, मुडपलेले कोपरे सरळ केले, पोथी नव्या लाल कापडात बांधली. जुन्या फडक्याची कसरीनं चाळण झाली होती. किडकं वेष्टन जाळायचं, असा नियम. मागच्या अंगणात मीच काडी लावली.

वर्षभरानं आत्या डोळे दाखवायला शहरात आली, तेव्हा मी तिला मोठ्या ऐटीत विभागात नेलं. पोथी टेबलावर ठेवली. तिनं लाल कापड चाचपलं, उलटसुलट करून पाहिलं.

"आन् हिचं फडकं?"

"कोणतं?"

"हिरवं. पोरीच्या परकराचं. ती गेल्यावर तेवढंच ठिवलं होतं मी. पोथीला बांधलं म्हंजी कुनी टाकून देनार न्हाई म्हनून."

पोरगी म्हणजे तिची एकुलती एक, माझ्याच वयाची. आठव्या वर्षी तापानं गेली. तो परकर धरून मी तिच्यामागे गल्लीभर पळालो होतो. आणि माझ्याच हातानं जाळताना तो मला ओळखू आला नव्हता.

"ते वेगळं ठेवलंय आत्या," मी म्हणालो. "किल्ली साहेबांकडं असते. साहेब रजेवर आहेत." साहेब शेजारच्या खोलीत चहा पीत होते.

"कोन्त्या कपाटात?"

मी समोरच्या एका कपाटाकडे बोट केलं. त्यात जुन्या पावत्या होत्या.

"आसू दे मग. घरी असतं तर उंदरांनी खाल्लं असतं," ती म्हणाली, आणि त्या कपाटाला तिनं हात जोडले. तिला एसटीत बसवताना मला तिच्याकडं बघवेना.

दोन वर्षांनी ती गेली. दहाव्याहून परतल्यावर मी नोंदवही काढली. तिच्या पोथीसमोर, वेष्टनाच्या रकान्यात, माझ्याच वळणदार अक्षरात होतं: 'एक फडके, जीर्ण, निरुपयोगी. नष्ट केले.' खाडाखोड चालत नाही, म्हणून खाली बारीक अक्षरात लिहिलं: 'रंग हिरवा. लहान मुलीच्या परकराचे.' आता विभागात तेवढंच जपून ठेवलेलं आहे.