झाडाला टांगलेल्या चिठ्ठ्या

लॉनवरच्या लग्नात आंब्याच्या झाडाला पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टांगल्या होत्या. प्रत्येक टेबलाला एका फुलाचं नाव. वारा आला की चिठ्ठ्या पाठ फिरवायच्या आणि आम्ही माना वर करून पुन्हा आपलं नाव शोधायचो. आईला मोगरा मिळाला, मावशीला अबोली. मैदानाची दोन टोकं. बहिणी तीन वर्षांनी भेटत होत्या.

"मावशीजवळ जाऊन बस ना," मी चिडून म्हटलं.

"नको. त्यांनी हौसेनं केलंय, मोडायचं कशाला?"

पंगतीत निदान 'जरा सरकून घ्या' म्हणता यायचं. चिठ्ठीला काय सांगणार?

जेवताना आई मधेच उभी राहिली. स्वतःचा गुडघा दाबून दाखवत तिनं लांबच्या मावशीला हातानंच विचारलं, आता कसा आहे?