पुसता न येणारी ओळ

तीस वर्षं दवाखान्यात शिपाई होतो. किस्से कधी मुद्दाम साठवले नाहीत. जे सांगायचं नव्हतं ते पोटात राहिलं, आणि त्याच्या आजूबाजूचं सांगण्यासारखं आपोआप गोळा झालं. त्यातले हे काही. नावं बदलली आहेत. गाव सांगणार नाही.

*

माझ्या ताब्यात एक लोखंडी कपाट होतं. त्यात गावोगावचे सिकलसेलचे कागद. सिकल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. इकडे पुष्कळ घरांत आहे. म्हणून सोयरीक जुळत आली की मुलाकडचा कोणीतरी माझ्याकडे यायचाच. तंबाखू पुढे करायचा, धानाचं विचारायचा, मग कपाटाकडे बघून हळूच म्हणायचा, "भाऊ, अमक्याच्या पोरीचं काय लिवलं हाये?"

मी चौथी शिकलो. वाचता उत्तम येतं. पण सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "मले वाचता येत नाई."

अर्ध्या तालुक्यात अंगठेबहाद्दर म्हणून ओळखला गेलो. बायकोला ते आवडत नसे. मलाही नसे. पण कागद बाहेर गेला नाही.

*

माझ्या शेवटच्या वर्षी शहरातून एक इंजिनियर आला. सिकलचं सगळं रेकॉर्ड ब्लॉकचेनवर टाकायचं म्हणाला. मला नीट समजावून सांगितलं. वही एकच, पण तिच्या नकला अनेक कॉम्प्युटरवर, ग्रामपंचायतीतसुद्धा. एकदा लिहिलं की कोणाला खोडता येत नाही.

"चुकलं तर?"

"खाली दुसरी ओळ लिहायची, काका. वरची तशीच राहते."

"किती दिवस?"

"कायमची."

हे सांगताना त्याला फार आनंद होत होता.

*

आठवड्याभरात त्याच्या लक्षात आलं की कागदांचे फोटो त्या वहीत झेपत नाहीत. जितक्या जागी नकला, तितक्या जागी तो भार. मग ठरलं, वहीत फक्त निकाल ठेवायचा आणि मूळ कागदाचा अंगठ्यासारखा एक ठसा. कागदात कोणी फेरफार केला तर ठसा जुळणार नाही.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, मग मूळ कागद कुठे ठेवायचे? तो माझ्या कपाटाकडे बघत राहिला.

वहीत लिहायची किल्ली म्हणजे बारा शब्द होते. ते हरवले तर पंचाईत, दुसऱ्याला कळले तर जास्त पंचाईत. म्हणून कागदावर लिहून तेही कपाटातच ठेवले. कपाटाची किल्ली माझ्या करदोड्याला.

*

नावांचं काय, असं मी विचारलं. नावं नाहीतच, तो म्हणाला. फक्त नंबर, गाव, वय आणि बाई की पुरुष.

मी म्हणालो, "आमच्या गावात चाळीस घरं हायेत. एकोणीस वर्षांची पोरगी एकच, रेखा. तो नंबर तिच्या कपाळावरच काऊन नाई लिवत?"

मॅडम हसल्या. इंजिनियर हसला नाही. पुढच्या वेळी बघू म्हणाला.

*

त्याच उन्हाळ्यात आमच्या गावात रक्त तपासणीचं शिबिर झालं. मोहफुलांचे दिवस. रेखा पहाटेच टोपली घेऊन जंगलात गेलेली. यादी पुरी झाल्याशिवाय नर्सबाईंना जाता येईना. रेखाच्या काकूला त्यांची दया आली. तिने आपल्या मुलीला, सोमीला, दोनदा पुढे केलं, एकदा सोमी म्हणून, एकदा रेखा म्हणून. एकाच घरचं रक्त, फरक काय पडतो, असा तिचा हिशेब.

सोमीला सिकल होता. वहीत दोन्ही नंबरांपुढे "आहे" असं चढलं.

रेखाची सोयरीक जुळत आली तेव्हा काकू रडत दवाखान्यात आली आणि सगळं सांगितलं. मॅडमनी रेखाचं रक्त पुन्हा तपासलं. सिकल नाही. कागद असता तर मॅडमनी लाल रेघ मारून सही केली असती, आणि गोष्ट कपाटात राहिली असती. इथे दुसरी ओळ लिहायची, आणि कारण दिल्याशिवाय कॉम्प्युटर ओळ घेईना.

खरं कारण लिहिलं तर सोमी उघडी पडणार. सोमी एकवीस वर्षांची, आणि गावात एकवीस वर्षांच्या चौघी होत्या. तोवर ती त्यांच्यात लपलेली होती.

मॅडमनी रेखालाच विचारलं. ती म्हणाली, "माह्या नावाचं काय व्हायचं ते होऊ द्या. सोमीबाईचं लिवू नका."

इंजिनियरने टाइप केलं, "कारण: सांगितले नाही."

*

मी रिटायर झालो. महिनाभराने, रेखाची सोयरीक ज्याच्याशी जुळत होती त्या मुलाचे वडील माझ्या ओसरीवर आले. हे रिटायर मास्तर. रोज सकाळी चहाच्या टपरीवर अख्खा पेपर मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस. त्यांनी तंबाखू काढली नाही. मोबाईल काढला. पंचायतीतल्या कॉम्प्युटरचा फोटो होता. आमचं गाव, बाई, वय एकोणीस. खाली दोन ओळी, एकीत आहे, दुसरीत नाही.

"भाऊ, हे काय हाये ते वाचून सांगा."

मी चष्मा लावला. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, कारण वाचलं. एक शब्द बोललो असतो तर रेखा सुटली असती. पण त्याच्या मागून दुसरा शब्द सोमीचा निघाला असता.

मोबाईल परत दिला.

"मले वाचता येत नाई."

मास्तरांनी माझ्या चष्म्याकडे बघितलं. मग माझ्या मांडीवर उघड्या पडलेल्या पेपरकडे बघितलं. मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि बंद करून खिशात टाकला.

"मलेही नाई," ते म्हणाले. "सोमवारी पोराचं अन् रेखाचं साक्षगंध हाये, भाऊ. लवकर येजा."